पीएच. डी. करणाऱ्याचा रोजचा दिवस

शाळेत विज्ञान शिकवताना आपण मुलांना शास्त्रज्ञांच्या गोष्टी सांगतो. न्यूटनचे सफरचंद, समुद्राच्या निळाईने विचारात पडलेले रामन, मेरी क्यूरीची गळकी शेड. पण शास्त्रज्ञ होऊ घातलेला माणूस एखाद्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता नेमके काय करत असतो, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर काय सांगाल? बहुधा तो कशाची तरी वाट पाहत असतो. रसायनशास्त्राचा असेल तर काचेच्या नळीतून थेंबथेंब उतरणाऱ्या द्रावणाची. वनस्पतिशास्त्राचा असेल तर फूल उमलण्याची. इतिहासाचा असेल तर दप्तरखान्यातला कारकून जागेवर येण्याची. आणि विषय कोणताही असो, मार्गदर्शकांच्या सहीची.

आम्ही नाशिकमध्ये पीएच. डी. केलेले आणि करत असलेले काही जण आहोत. विषय वेगवेगळे, महाविद्यालये वेगवेगळी. महिन्यातून एका शनिवारी एकत्र बसायचे आणि संशोधनाच्या विषयाबद्दल कमी, पण संशोधन करण्याबद्दल जास्त बोलायचे, असा आमचा शिरस्ता आहे. त्या बोलण्यातले काही इथे मांडत आहोत. वाचकांपैकी अनेक शिक्षकांचे विद्यार्थी पुढेमागे या वाटेला जातील. काही शिक्षक नोकरी सांभाळून स्वतःच नोंदणी करण्याच्या विचारात असतील. दोघांनाही हे आधी कळलेले बरे.

कागदावरची वाट

आधी नियमांचे थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच. डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात. त्यानंतर फेरनोंदणी करून दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ मिळू शकते. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. सुरुवातीला किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क, मग विषयाची रूपरेषा, ती समितीपुढे मांडणे, दर सत्राला प्रगतीचा अहवाल, शेवटी प्रबंध आणि मौखिक परीक्षा. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. पूर्वी पीएच. डी.च्या आधी एम. फिल. करायची सोय होती. या नियमांनी ती बंद झाली.

हे सगळे छापील आहे, कोणालाही वाचता येते. पण सहा वर्षांच्या दोन हजारांहून अधिक दिवसांचे काय करायचे, ते कुठेही छापलेले नाही. आमच्या ओळखीतले जे संशोधन सोडून गेले, त्यांतले बहुतेक विषय अवघड होता म्हणून गेले नाहीत. त्यांचे रोजचे गणित बिघडत गेले आणि ते बिघडते आहे हे सांगणारे जवळ कोणी नव्हते.

एक वर्ष पुढे असलेला माणूस

मोठ्या संस्थांमध्ये, म्हणजे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा किंवा मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था अशा ठिकाणी, अनेक संशोधक विद्यार्थी एका आवारात राहतात, एकाच खानावळीत जेवतात. नवा मुलगा आला की त्याला शिकवण्याचे निम्मे काम मार्गदर्शक करत नाहीत. ते काम त्याच्याहून एकदोन वर्षे पुढे असलेले विद्यार्थी करतात, आणि आपण शिकवतो आहोत हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

नाशिकचे चित्र निराळे आहे. इथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) यांची मुख्यालये आहेत. तरी विज्ञानाचे बरेचसे विद्यार्थी के. टी. एच. एम. किंवा एच. पी. टी. - आर. वाय. के. अशा महाविद्यालयांतल्या संशोधन केंद्रांत काम करतात. ही महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. मार्गदर्शक सकाळी बी. एस्सी.चे तास घेतात, दुपारी प्रात्यक्षिकाची तुकडी सांभाळतात, मधल्या वेळात परीक्षेची कामे करतात. त्यांच्याकडे दोन-तीन विद्यार्थी असतात. त्यांतला एक सटाण्याला तासिका तत्त्वावर शिकवतो, दुसरी येवल्याहून आठवड्यातून दोनदा येते, तिसऱ्याने नुकतीच नोंदणी केली आहे. तिघे एका टेबलाशी क्वचितच भेटतात. साहजिकच चहाच्या टपरीवर आपोआप होणारे शिक्षण इथे आपोआप होत नाही. ते मुद्दाम घडवावे लागते.

नाशिककरांना इथे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांची आठवण होईल. देवळालीला १९३० ते १९६२ शाळेत शिकवत त्यांनी ६१७४ या संख्येचे गुपित शोधले. पदव्युत्तर शिक्षण नाही, मार्गदर्शक नाही, गणिताच्या गप्पा मारायला शेजारी कोणी नाही. काही लेखन त्यांनी खाजगीरीत्या छापले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिले तेव्हा कुठे त्यांचे नाव जगभर पोचले. तोवर ते सत्तरीला आले होते. कापरेकरांचे कौतुक करताना आपण त्यांच्या एकटेपणाचेही कौतुक करतो, ते आम्हाला पटत नाही. त्यांचे काम एकटेपणामुळे झाले नाही, एकटेपणा असूनही झाले.

पुस्तकात नसलेल्या गोष्टी

एक वर्ष पुढचा माणूस सांगतो तरी काय? अगदी किरकोळ वाटाव्यात अशा गोष्टी. शोधनिबंधात कृती लिहिलेली असते, ‘मिश्रण रात्रभर ढवळावे’. नवा विद्यार्थी रात्रभर जागतो. पुढच्या वर्षाची ताई त्याला सांगते, अरे, संध्याकाळी चुंबकीय ढवळणी लावायची, पाणी सुरू ठेवायचे तर नळीला तारेचा फास घट्ट बसवायचा, नाहीतर रात्री दाब वाढून नळी निघते आणि सकाळी खालच्या मजल्यावरचे लोक भांडायला येतात. बाटलीवरचे नाव शाईने लिहायचे नाही, कारण विद्रावकाचा एक ओघळ आला की शाई जाते. पेन्सिलीने लिहायचे. शिशाचे अक्षर विरघळत नाही.

वर्णपटाच्या तपासणीसाठी लागणारी मोठी उपकरणे आपल्याकडे नसतात. नमुने पुणे विद्यापीठात किंवा पवईच्या आय. आय. टी.मधल्या उपकरण केंद्रात पाठवायचे आणि निकालाची वाट पाहायची. या वाट पाहण्याच्या दिवसांचे काय करायचे ते आधी ठरवून ठेवावे लागते. नमुने एकेक पाठवले तर वर्ष टपालातच जाते. आठ-दहांचा गठ्ठा पाठवावा आणि प्रत्येक नमुन्याचा थोडा भाग आपल्याजवळ राखून ठेवावा. निकाल येईपर्यंत प्रबंधातला ‘साहित्य आणि पद्धती’ हा भाग लिहावा. त्यासाठी निष्कर्षांची गरज नसते. केलेले काम ताजे असतानाच लिहिले तर चार वर्षांनी कोणते रसायन किती घातले हे आठवत बसावे लागत नाही.

जीवशास्त्र आणि शेतीच्या विषयांत तर पंचांग सांभाळावे लागते. अंजनेरीच्या डोंगरावर एक कंदीलपुष्प सापडते. त्याच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे. पावसाळ्यात काही आठवडे ते फुलते. त्या आठवड्यांत तुम्ही कोर्सवर्कच्या परीक्षेत अडकलात तर पुढचे फूल एक वर्षाने. द्राक्षावर काम करणाऱ्याला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी चुकवून चालत नाही. बागायतदार आपल्या संशोधनासाठी थांबणार नसतो, आणि त्याने का थांबावे? नोंदणीच्या वेळी मार्गदर्शक ‘तीन वर्षांत होईल’ म्हणतात तेव्हा हंगामाच्या हिशेबाने ते फक्त तीन प्रयोग असतात. पहिल्या हंगामात पद्धत बसवण्यातच वेळ जातो. उरतात दोन. हा हिशेब नोंदणीच्या दिवशीच कागदावर मांडावा असे आम्ही नव्या माणसाला सांगतो. बरेच जण त्या रात्री झोपत नाहीत, पण पुढची तीन वर्षे नीट झोपतात.

नोंदवहीबद्दल शिक्षकांना वेगळे सांगायला नको. फक्त एक. शाळेच्या प्रयोगवहीत आपण बरोबर आलेला प्रयोग सुवाच्य अक्षरात उतरवून घेतो. संशोधनाची नोंदवही याच्या अगदी उलट असते. पाने क्रमांकित, तारीख रोजची, खाडाखोड दिसेल अशी, आणि फसलेला प्रयोग पूर्ण लिहिलेला. दहावीपर्यंत मुलांना ‘अपेक्षित वाचन’ आधी माहीत असते आणि ते निरीक्षण त्याच्याकडे ओढतात. ही सवय मोडायला पीएच. डी.चे पहिले वर्ष खर्ची पडते. ती शाळेतच लागू दिली नाही तर किती बरे होईल!

आणि माहितीच्या प्रती. आमच्या ओळखीच्या एका मुलीची पिशवी एसटीत राहिली, त्यात लॅपटॉप आणि त्याच लॅपटॉपची प्रत असलेला पेन ड्राइव्ह, दोन्ही. तेव्हापासून आमच्यात म्हण पडली आहे की एकाच पिशवीतल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत.

सर आणि आपण

मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांचे नाते आपल्याकडे अजून गुरु-शिष्याचे आहे. ते वाईट आहे असे नाही. पण त्यात एक अडचण आहे. ‘सर, मला हे समजले नाही’ हे वाक्य घशातून बाहेर पडत नाही. मग विद्यार्थी सरांना चुकवायला लागतो. जिना बदलतो. महिनाभर भेट नाही, मग दोन महिने. जितके दिवस जातात तितके तोंड दाखवणे अवघड होते. संशोधन सुटण्याची सुरुवात पुष्कळदा या जिना बदलण्यापासून होते.

यावर आमच्यातल्या एकीने काढलेला तोडगा आता सगळे वापरतात. काम झालेले असो वा नसो, पंधरा दिवसांतून एकदा अर्धे पान घेऊन सरांकडे जायचे. त्यावर तीनच गोष्टी. काय केले, कुठे अडले, आता काय करणार. सर घाईत असले तरी अर्धे पान वाचतात. भेटीनंतर जे ठरले ते त्याच पानाच्या खाली तारीख घालून लिहायचे आणि त्याची एक प्रत सरांना द्यायची. चार महिन्यांनी सर म्हणाले, ‘मी असं कुठं सांगितलं होतं?’, तर वाद घालावा लागत नाही. पान काढले की झाले. सहामाही अहवालही या पानांतूनच तयार होतो.

सरांची इतर कामे हा नाजूक विषय. परीक्षेच्या कामात मदत, एखादा तास घेणे, परिषदेच्या पाहुण्यांना नाशिक रोड स्टेशनवरून आणणे. यांतले काही शिकण्याचाच भाग असते. काही नसते. कोणते कोणते, हे एकट्याने बसून ठरवता येत नाही, कारण तुलना करायला दुसरे उदाहरण नसते. चार केंद्रांतले चार जण एकत्र बसले की पाच मिनिटांत कळते की पाहुणे सगळेच आणतात, पण सरांच्या मुलाची शिकवणी कोणी घेत नाही. एवढे कळले तरी नकार देण्याचे धैर्य येते. निदान आपल्यालाच हे जड का जाते, हा प्रश्न तरी पडत नाही.

स्त्री संशोधकांसाठी एक नियम मुद्दाम सांगतो, कारण अनेकींना तो ठाऊक नसतो. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदलावे लागले तर झालेले काम दुसऱ्या विद्यापीठात घेऊन जाता येते, काही अटींवर. प्रसूती व बालसंगोपनासाठी पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. ‘आता राहू दे, संसार बघ’ असे म्हणणाऱ्यांना हे दोन आकडे दाखवावेत.

पैसा आणि घर

नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी ४२,००० रुपये असा दर आहे. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत. ऐकायला ही रक्कम चांगली वाटते. पण ती पगारासारखी एक तारखेला येत नाही. कधी चार-सहा महिन्यांची एकदम येते. घरभाड्याचा दाखला, हजेरीपत्रक, प्रगतीचा अहवाल, प्रत्येकावर दोन-तीन सह्या. म्हणून पहिली रक्कम आली की मोटारसायकल घेऊ नये, तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा. पैसे आलेच नाहीत तर कोणाकडे मागायचे हा प्रश्न आमच्यात मोकळेपणाने बोलला जातो. घरी तो बोलता येत नाही. ज्यांना काहीच मिळत नाही ते तासिका तत्त्वावर शिकवतात, आणि त्यांचा दिवस एसटीच्या वेळापत्रकावर चालतो.

सुरगाणा, पेठ, कळवण इकडून आलेल्या मुलांच्या घरात अनेकदा ही पदवी म्हणजे काय हेच माहीत नसते. ‘एम. एस्सी. झालास ना? मग अजून कसलं शिक्षण?’ दिवाळीला गेले की प्रत्येक नातेवाईक विचारतो, ‘किती राहिलं?’ या प्रश्नाला उत्तर नसते, कारण संशोधनात किती राहिले हे करणाऱ्यालाही माहीत नसते. आमच्यातल्या एकाने वडिलांना एक दिवस प्रयोगशाळेत आणले. त्यांनी चार तास शेजारी बसून ती थेंबथेंब गळणारी नळी पाहिली. परत जाताना म्हणाले, ‘हे ठिबकसारखंच आहे. आज लावलं म्हणून उद्या घड येत नाही.’ त्यानंतर घरी कोणी ‘किती राहिलं’ विचारले की उत्तर तेच देतात.

सगळ्यांचे असे होत नाही. बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागातल्या ३६५९ संशोधक विद्यार्थ्यांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ३२ टक्क्यांना मानसिक आजाराचा, विशेषतः नैराश्याचा, धोका दिसला. घर आणि काम यांची ओढाताण, कामाचे ओझे आणि मार्गदर्शकाची वागण्याची रीत यांचा त्याच्याशी संबंध आढळला. तो देश श्रीमंत, तिथे विद्यार्थ्यांना नियमित पगार मिळतो, तरी हे असे. तेव्हा झोप उडणे, जेवण तुटणे, माणसे नकोशी होणे याला आळस म्हणू नये. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आम्ही आमच्या वह्यांच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. मराठीतही बोलता येते. आणि कोणी लागोपाठ दोन शनिवार आले नाही तर तिसऱ्याची वाट न पाहता त्याच्या खोलीवर जायचे, असे ठरले आहे.

मित्रांचे चुकीचे सल्ले

थोर शास्त्रज्ञांनी तरुणांना सल्ले दिले आहेत. स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी १८९७ च्या एका भाषणापासून, इंग्लंडच्या पीटर मेडावर यांनी १९७९ साली पुस्तक लिहून. प्रश्न कसा निवडावा, चिकाटी कशी असावी, हे तिथे मिळते. सरांकडे अर्धे पान घेऊन कसे जावे, ते मित्राकडूनच कळते. पण मित्राचा सल्ला खरा असेलच असे नाही, आणि याची जाणीव ठेवावीच लागते.

दोन प्रकार नेहमी आढळतात. एक म्हणजे जुना झालेला सल्ला. ‘प्रबंधाआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे’ असे अजून सांगितले जाते. आयोगाच्या २०१६ च्या नियमांत ती सक्ती होती, २०२२ च्या नियमांत नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो, तो पाहावा. नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०१९ ला आली आणि २०२५ साली बंद झाली. म्हणून कोणी नियम सांगितला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, कोणत्या सालचा?

दुसरा प्रकार सरळ घातक. ‘पैसे भर, दहा दिवसांत छापून येतं’ किंवा ‘अमका प्रबंध लिहून देतो’. घाबरलेल्या माणसाला हे सल्ले प्रेमापोटीच दिले जातात. २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधातला मजकूर इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंत जुळला तर चालतो. ४० पर्यंत गेला तर सुधारून द्यावा लागतो, ६० पर्यंत गेला तर सुधारित प्रबंध देण्यास एक वर्ष बंदी, त्याच्या पुढे नोंदणीच रद्द. पण आकड्यांची भीती हा खरा उपाय नाही. लिहिता येत नाही हे खरे दुखणे आहे. आपल्या शिक्षणात कोणी स्वतःचे दोन परिच्छेद लिहायला लावलेच नाहीत, तर पंचविसाव्या वर्षी दोनशे पाने कुठून येणार?

त्यासाठी शनिवारी प्रत्येकाने दोन पाने लिहून आणायची आणि दुसऱ्या विषयाच्या माणसाने ती वाचायची अशी पद्धत पडली. भूगोलवाला रसायनाची पाने वाचतो आणि दर चार ओळींनी ‘म्हणजे काय?’ विचारतो. सुरुवातीला राग येतो. मग लक्षात येते की ज्या ठिकाणी तो अडला, तिथे लिहिणाऱ्यालाच नीट समजलेले नव्हते. विषयातला मित्र या जागा ओलांडून जातो, कारण त्यालाही ते शब्द पाठ असतात.

नोकरी करून पीएच. डी. करणाऱ्या शिक्षकांना शनिवारी येणे जमत नाही, पण त्यांच्याकडे एक गोष्ट आमच्याहून चांगली असते. त्यांना घंटेची सवय असते. पहाटे पाच ते सात हा वेळ ठरवून घेतलेले एक शिक्षक पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या आधी पुढे गेले. दिवाळीची सुट्टी एका प्रकरणाला आणि मे महिना दोन प्रकरणांना, अशी त्यांची वाटणी होती. कार्यालयाची ना हरकत मिळवायला मात्र वेळ लागतो. तो अर्ज प्रवेशपरीक्षेच्या आधीच करावा.

आणि एखादा विद्यार्थी मार्गदर्शक निवडण्याबद्दल विचारायला आला तर त्याला आधी त्या मार्गदर्शकांच्या आजच्या आणि जुन्या विद्यार्थ्यांना भेटायला सांगा. किती वर्षे लागली, किती जणांनी सोडले, सर भेटतात का, लिहिलेले वाचून किती दिवसांत परत देतात. भेट झाली नाही तर प्रबंध पाहता येतात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ संग्रहात देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात. त्यात निष्कर्ष नंतर पाहावेत, ऋणनिर्देशाचे पान आधी. सहकाऱ्यांची नावे आहेत का, की फक्त पदाधिकाऱ्यांची. प्रयोगशाळेच्या मदतनिसाचे नाव आहे का. आणि खाली कोणत्या सालची तारीख आहे.